शुक्रवारचा खिमा-मकरोना

खिमा मी कधी दुकानातून दळून आणला नाही. सौदीतल्या तबूकच्या बाजारात खाटिकाकडे यंत्र होतं, दोन मिनिटांचं काम, पण त्या यंत्राच्या तोंडात तो काय काय कोंबतो ते मी एकदा पाहिलं होतं. त्यानंतर मी मोठ्याच्या मटणाचा मांडीकडचा सबंध तुकडा आणायचो, लाकडी ठोकळ्यावर आपटायचो आणि दोन हातांत दोन सुऱ्या घेऊन त्याच्यावर तुटून पडायचो. मटणाचा चेंदामेंदा होईपर्यंत थांबायचं नाही. ठोकळा थरथरायचा, भांडी वाजायची, शेजारच्या खोलीतले पंजाबी भिंतीवर बुक्क्या मारायचे. आमच्या खोलीतले म्हणायचे, आज भाई कुणाचा मुडदा पाडतोय? मला ते ऐकून बरं वाटायचं.

आमची कंपनी शेतांवरच्या पाण्याच्या यंत्रांची दुरुस्ती करायची. वाळवंटात गोल फिरत पाणी मारणारे ते लांबच्या लांब नळ, त्यांचे पंप, त्यांच्या मोटारी. मी पंप फिटर म्हणून लागलो आणि फोरमन झालो. एकोणीस वर्षं झाली होती. कॅम्पच्या खोलीत आम्ही सहाजण, सगळे कोकणातले. शुक्रवारचं जेवण माझ्याकडे असायचं, कारण मकरोना, म्हणजे अरबी पद्धतीची मॅकरोनी, माझ्याइतका कुणाला जमत नव्हता. तो मला आमच्या एका मिसरी, म्हणजे इजिप्तच्या, वेल्डरनं शिकवला होता. सगळं एकाच पातेल्यात. आधी कांदा, मग खिमा, मग टोमॅटोची घट्ट पेस्ट, अरबी मसाला, एक सुकं काळं लिंबू फोडून, आणि मग कच्चा मकरोना तसाच ओतून वर पाणी. पाणी काढून टाकायचं नाही. जे काय आत गेलं ते आतच मुरायचं. मी त्यात आपली लाल मिरची घालायचो, दोन मुठी, तेवढी माझी भर.

जेवायला एकच सहन. सहन म्हणजे मोठा थाळा, त्याच्याभोवती सहाजण मांडी घालून. खोलीत सगळ्यांत म्हातारे एक चाचा होते, रायगडकडचे, कंपनीत सुतार. त्यांचा नियम होता की शुक्रवारी सहनावर बसायचं म्हणजे बसायचं. आठवडाभर एकमेकांचे गळे धरा, पण शुक्रवारी जो बसला नाही त्यानं वळकटी उचलून दुसरी खोली शोधायची. दोघांना त्यांनी खरंच हाकललं होतं.

सहाव्या जागेवर माझे भावजी बसायचे, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्यांना तबूकला मी आणलं. लोकांना वाटायचं, काय मेहुणा आहे, जावयासाठी कफीलाच्या, म्हणजे सौदी मालकाच्या, पाया पडून व्हिसा काढला. मी लोकांना तसं वाटू दिलं.

खरी गोष्ट अशी की तो माणूस माझ्या बहिणीला मारत होता. थप्पड मारून गप्प बसणाऱ्यातला नव्हता. पट्ट्यानं, वल्ह्याच्या दांड्यानं, हाताला येईल त्यानं. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, ती त्यानं दारात चिमटली होती. दार लावलं आणि वर खांद्यानं दाबलं. हे मला कळलं ते सुट्टीवर गेलो तेव्हा, तिनं चहाचा कप पुढे केला तो वेडावाकडा धरलेला दिसला म्हणून. मी अब्बांना म्हटलं, मी जाऊन त्याचे हात तोडतो. अब्बा म्हणाले, "जावई हाय. तू हात तोडशील, मग ती कुठं जाईल?" आमच्या किनाऱ्यावर जावयाला कुणी उलटा शब्द बोलत नाही. तो दारात आला की कोंबडी कापतात. पण बिघडलेल्या माणसावर आमच्याकडे एक इलाज आहे, आणि तो गावोगाव चालतो. त्याला आखातात पाठवायचं. दारू पिणारा, मारामाऱ्या करणारा, बायकोला झोडपणारा, कोणीही असो, व्हिसा काढायचा आणि हार घालून विमानात बसवायचा. घरी पैसे येतात, माणूस येत नाही. इज्जत राहते आणि बाई दोन वर्षं झोपते. बहिणीसाठी अब्बांनी तेच सांगितलं आणि मी तेच केलं. मी त्या माणसाला नोकरी नाही लावली. मी त्याला माझ्या बहिणीपासून चार हजार किलोमीटर लांब नेऊन बांधला.

दोन वर्षं तो माझ्या डोळ्यांसमोर राहिला. एकाच खोलीत, एकाच सहनावर. मी त्याला भावजी, तुम्ही म्हणायचो आणि कामावर सगळ्यांत जड पंप त्याच्या अंगावर टाकायचो. उन्हात तापलेलं लोखंड त्याला उचलायला लावायचो. एकदा चाळीस फूट खोल खड्ड्यात तो उतरलेला असताना मी दोरीवर हात ठेवून उभा होतो, आणि माझ्या मनात काय आलं ते मी इथं लिहीत नाही. तो मात्र बदलल्यासारखा दिसायचा. पाच वेळा नमाज, घरी फोन, पोरांना चॉकलेटं. मला ते बघून आणखीच चीड यायची.

मग सौदीकरण आलं. म्हणजे बोलणं आधीपासून होतं, पण त्या वर्षी ते आमच्या दारात आलं. कंपनी लाल रंगात गेली. कंपनीत स्थानिक माणसं कमी असली की सरकार तिला लाल रंग देई, आणि मग बाहेरच्यांचे इकामे, म्हणजे तिथं राहायचे परवाने, पुढे वाढत नसत. एका गुरुवारी आमच्या मंदूबनं, म्हणजे सरकारी कागद बघणाऱ्या सौदी माणसानं, मला ऑफिसात बोलावलं. पंपाच्या खात्यात इकाम्यावरचे आम्ही दोघंच होतो, मी आणि भावजी. एका जागेवर सौदी येणार होता. मंदूब वाईट नव्हता. त्यालाही ते नको होतं बहुतेक. तोडक्यामोडक्या हिंदीत म्हणाला, "दो में एक जाएगा. तुम फोरमन, तुम नाम लिखो. यल्ला." आणि कोरा कागद पुढे सरकवला.

मी भावजींचं नाव लिहिलं. विचार करायला घेतला असता तर वेळ होता, मंदूब चहा प्यायला उठला होता. मी थांबलो नाही. खोटं कशाला बोलू, मी माझी जागा वाचवली. मनाला सांगितलं की दोन वर्षांत माणूस सुधारलाय. सांगितलं की एकोणीस वर्षं इथं काढलेला माणूस कसा जाईल. बहिणीची वाकडी बोटं डोळ्यांसमोर आली ती मी ढकलून दिली. कागदावर सही केली आणि बाहेर येऊन दोन पेप्स्या प्यालो. भावजींना सांगितलं नाही. जावयाला असलं तोंडावर कसं सांगायचं? कंपनीचा कागद आला की कळेल, असं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. सकाळी मी खिमा कुटला तो असा की ठोकळ्याची कपची उडाली. मग आंघोळ, मशीद, जुम्मा. परत येऊन पातेलं चढवलं. कांदा लाल झाला, खिमा पडला, चर्र करून पाणी सोडलं त्यानं, ते आटवलं. पेस्ट घातली. मिरची घातली. चाचा मोरीपाशी काकड्या चिरत बसले होते. बाकीचे तिघं अजून वाटेत होते. मकरोना ओतला, वर चार बोटं पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि उकळी यायची वाट बघत उभा राहिलो.

भावजी आत आले. डोक्यावर टोपी तशीच. मशिदीच्या दारात, चपला घालताना, स्टोअरवाल्यानं त्यांना सांगितलं होतं.

"भाई, खुरूजला माझं नाव गेलंय." खुरूज म्हणजे कायमची रवानगी. "तुमी दिलंत?"

"कंपनीनं दिलं," मी म्हटलं.

"फोरमनला विचारल्याशिवाय?"

"मला काय म्हायती."

"कागदावर अक्षर तुमचं हाय म्हणतात."

मी पातेल्यावरचं झाकण सारखं केलं. ते हसले. मला वाटलं होतं रडतील, पाया पडतील, शिव्या देतील. ते हसले, आणि माझा हात सुटला.

माझा हात नेहमी आधी सुटतो, डोकं मागाहून येतं. पहिली थप्पड कानाखाली. टोपी उडाली. दुसरा ठोसा तोंडावर, माझ्या बोटांना त्यांचे दात लागले. ते मागं फ्रीजवर आदळले, फ्रीजवरचे डबे खाली आले, मिठाचा डबा फुटला. त्यांनी हाताला आलं ते उचललं, म्हणजे पातेल्याचं झाकण, आणि माझ्या डोक्यात घातलं. वाफ आणि कढत पाणी माझ्या डाव्या मनगटावर आलं, कातडी तिथल्या तिथं पांढरी पडली. दुखलं नाही तेव्हा. मी त्यांची गचांडी धरून त्यांना खाली पाडलं, छातीवर बसलो आणि मारत राहिलो. एक बहिणीच्या पहिल्या बोटाचा. एक दुसऱ्या बोटाचा. पट्ट्याचे. वल्ह्याचे. मिठात आणि रक्तात आम्ही दोघं लडबडलो होतो. मला मजा येत होती. हे लिहायला लाज वाटते, पण दोन वर्षं मी त्या घटकेची वाट बघत होतो आणि मला मजा येत होती.

मागं चाचा उठले होते. त्यांनी आम्हाला सोडवलं नाही. आधी गॅस बारीक केला, मग पातेल्यात डाव फिरवला, मग ओरडले, "हरामखोरांनो, करपवलात ना!"

भावजी खालून माझ्याकडे बघत होते. एक डोळा मिटला होता. ते हात उचलत नव्हते आता. नुसते पडून राहिले होते, अगदी शांत. दात लाल झाले होते.

"मारा, भाई," ते म्हणाले. "मोजतोय मी. इथला एक, तिथं दोन. मला काय, मी तिला देणार."

माझा हात वर होता तो तसाच राहिला. ते खोटं बोलत नव्हते. तोंड बघून कळत होतं. मी आत्तापर्यंत जे मारलं होतं, ते सगळं माझ्या बहिणीला पोचणार होतं. मी तिच्याच अंगावर बसून तिलाच मारत होतो, आणि वर मजा घेत होतो.

मी उठलो. मोरीत जाऊन मनगट नळाखाली धरलं, आणि तेव्हा ते दुखायला लागलं.

चाचांनी झाकण धुऊन पातेल्यावर ठेवलं. बाकीचे तिघं आले, त्यांनी जमिनीवरचं मीठ आणि रक्त बघितलं. एकानं झाडू घेतला. दहा मिनिटांनी चाचांनी जेवायचा सुफरा अंथरला, सहन मध्ये ठेवला आणि पातेलं त्यात पालथं केलं. मकरोना खालून थोडा लागला होता, बाकी चांगला झाला होता. खिमा नळीनळीत शिरला होता, मिरचीचं लाल तेल कडेनं सुटलं होतं. चाचा म्हणाले, "बसा. सगळे. बसायचा नसेल त्यानं वळकटी उचलायची."

आम्ही बसलो. भावजी माझ्या समोर. त्यांचा ओठ फुटला होता, मिरची त्यात झोंबत असणार, घासागणिक डोळ्यांतून पाणी येत होतं. पण जेवले. पोटभर जेवले. मी आपल्या बाजूचं खात होतो, ते त्यांच्या बाजूचं, आणि मधला खिमा दोन्हीकडून कमी होत होता. एकदा आमची बोटं एकमेकांना लागली. शेवटी ते चाचांना म्हणाले, "मीठ कमी पडलं आज." मीठ जमिनीवर पडलं होतं म्हणून. एकजण हसला आणि लगेच गप्प झाला.

हात धुऊन ते पलंगावर बसले आणि घरी फोन लावला. आमच्या सगळ्यांसमोर. आवाज मऊ होता, नमाजानंतर असतो तसा. "येतोय मी," म्हणाले. "सुट्टी नाय, कायमचा. हो. तुझ्या भाईची मेहेरबानी." आणि माझ्याकडे बघून जरा मान झुकवली, जावयानं झुकवावी तशी.

मी बाहेर आलो. कॅम्पच्या मागं पाण्याच्या टाकीखाली सावली होती, तिथं ओला टॉवेल मनगटाला गुंडाळून बसलो. ठरवायला मला वेळ लागला नाही. शनिवारी मंदूबकडे जायचं, तो कागद फाडायचा आणि माझं नाव द्यायचं. भावजी इथंच राहतील. आता काय, सवयीचे झालेत, फोरमनही होतील. एकोणीस वर्षं गेली तर गेली. मला स्वतःबद्दल फार मोठं वाटायला लागलं. डोळे भरून आले. बहिणीला फोन लावला.

तिनं पहिल्याच घंटेला उचलला. रडत नव्हती. आवाज कोरडा होता.

"घाबरू नको," मी म्हटलं. "ते येत नाहीत. मी येतोय. त्यांच्या बदली माझं नाव देतोय."

मला वाटलं लाइन गेली.

"ऐकतेस ना? मी कायमचा येतोय."

"भाई," ती म्हणाली, "वैनीला सांगितलंस?"

"तिला काय सांगायचं. घरी येतोय म्हटल्यावर खूश होईल."

मग ती हळूच बोलायला लागली, जवळ कुणीतरी असल्यासारखी.

"भाई, तुला कशाला पाठवलं होतं तुला म्हायती हाय ना?"

"कशाला म्हणजे? घरात मी एकटा शिकलेला, आयटीआय केलेला, म्हणून."

"तुझ्या लग्नाला वर्ष नव्हतं झालं. वैनीचा खांदा उतरला होता. हाड बसवायला अब्बा तिला घेऊन गेले होते. त्याच आठवड्यात त्यांनी एजंटाला गाठला. तुला सांगितलं, हुशार पोरगा, जाऊ दे पुढं. तू हार घालून गेलास. वैनी त्या रात्री आमच्यात झोपली, सकाळी दहापर्यंत उठली नाय. आईनं उठवायला दिलं नाय कुणाला."

मला तो खांदा आठवत होता. मी त्याबद्दल नेहमी म्हणायचो, ती ओसरीवरून पडली होती. तिनंही सगळ्यांना तेच सांगितलं होतं, आणि मी इतक्या वेळा ऐकलं की मला ते खरं वाटायला लागलं होतं. सुट्टीच्या दोन महिन्यांत घर किती शांत असायचं, पोरं पायांचा आवाज न करता चालायची, ती मला शिस्त वाटायची. मी टाकीच्या लोखंडी खांबाला टेकलो. खांब तापलेला होता, पाठ भाजत होती, तरी हललो नाही.

"मग काय करू?" मी विचारलं. एवढ्या मोठ्या माणसानं धाकट्या बहिणीला.

"त्यांना येऊ दे," ती म्हणाली. "मला सवय हाय. वैनीला आता राहिली नाय."

शनिवारी मी मंदूबकडे गेलो आणि नाव बदललं. बहिणीचं ऐकलं नाही. तिची बोटं मी बघितली होती, म्हणून असेल. किंवा तिचं ऐकलं असतं तर मी कोण ते मान्य करावं लागलं असतं, म्हणून असेल. महिन्याभरात घरी आलो. भावजी तिथं आणखी सहा वर्षं राहिले आणि मग पंपाच्या मोटारीचा शॉक लागून तिथंच गेले. बहीण रडली, आणि आता बरी आहे. आमच्यापासून दोन घरं सोडून राहते.

परत आल्यावर मी बायकोवर दोनदा हात उचलला, दोन्ही वेळा पहिल्याच वर्षात. दुसऱ्या वेळी तिनं तोंड फिरवलं नाही, पळाली नाही, नुसता तोच खांदा माझ्याकडे केला, त्या बाजूचं तर मोडलेलंच आहे अशा हिशेबानं. तिथं माझा हात थांबला आणि पुन्हा उठला नाही. बारा वर्षं झाली. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, असू दे.

शुक्रवारी मकरोना मीच करतो. नातवंडांना आवडतो. मटण अजून हातानंच कुटतो, दोन सुऱ्यांनी, पण सावकाश. मी सुऱ्या हातात घेतल्या की बायको पदर सावरून उठते आणि बहिणीकडे जाऊन बसते, आणि पातेलं उतरवल्याचं कुणीतरी सांगायला गेल्याशिवाय परत येत नाही.